ह्यां खंय जाता? : लहान मुलं, आजीची चूल आणि दुधाची पिशवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईचं बिऱ्हाड आवरून एक आई वेंगुर्ल्याजवळच्या सासरच्या घरी कायमची राहायला आली आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. मुलांना पर्यावरणाच्या चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून तिने भिंतीवर तक्ता लावला. नळ बंद केला की एक चांदणी, दिवा बंद केला की एक चांदणी. पंधरा दिवस झकास चाललं, मग दोघांनाही तक्ता दिसेनासा झाला. इकडे सासूबाई न्हाणीतली चूल रोज दुधाच्या रिकाम्या पिशवीने पेटवतात. मुलाने समुद्रातल्या प्लॅस्टिकचा कुठलासा व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून तो आजीवर ओरडतो आणि रात्री झोपताना ‘सगळी कासवं मरणार का?’ म्हणून विचारत राहतो. आता काय करू?

ताई, पहिल्यांदा तो तक्ता काढा. त्यात तुमची चूक काही नाही. मीही बालवाडीत सुरुवातीची पाच-सहा वर्षं चांदण्याच वाटत होते. चांदणी मिळते तोवर मूल नळ बंद करतं ते चांदणीसाठी. चांदण्यांचा कंटाळा आला की नळाचाही येतो. चार वर्षांच्या मुलीला ‘पाणी वाचव’ हे वाक्य कळतच नाही. पाणी कुठे गेलं म्हणून वाचवायचं? नळातून आलं, जाळीतून गेलं. तिच्या लेखी ते संपलं.

माझ्या चौतीस वर्षांच्या बालवाडीत मला एकच गोष्ट खात्रीने समजली. लहान मुलाला वस्तूचं दुसरं टोक दाखवावं लागतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एकच टोक दिसतं: नळ, बटण, डस्टबिन. इथे तुमच्या घरात बहुतेक वस्तूंची दोन्ही टोकं परसातच आहेत. म्हणजे तुम्ही बरोबर जागी आलात. फक्त ती टोकं तुम्हाला स्वतःला आधी शोधावी लागतील, आणि त्या कामात सासूबाईंसारखा गुरू नाही. चुलीचं नंतर बोलू.

माझ्या वर्गातली एक साडेचार वर्षांची पोर हात धुताना मोरीकडे बोट करून रोज विचारायची, ‘बाई, ह्यां खंय जाता?’ म्हणजे हे कुठे जातं? दोनदा मी ‘गटारात’ असं सांगून टाकलं. तिसऱ्यांदा माझीच मला लाज वाटली. खळ्यात, म्हणजे अंगणात, पडलेलं जास्वंदीचं फूल उचलून तिच्या हातात दिलं, मोरीत सोडायला लावलं, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हटलं, ‘धाव!’ दोघी इमारतीला वळसा घालून मागे गेलो. चर कोरडा होता, पाणी हळूहळू येत होतं, फूल एका दगडाला अडकलं. तिने काडीने ते सोडवलं. मग ते डुलत डुलत अळवाच्या वाफ्यात जाऊन थांबलं. ती पाच मिनिटं तिथे उकिडवी बसली होती. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग मोरीत फुलं सोडत होता आणि मला मोरी साफ करत बसावं लागलं, तो भाग वेगळा.

तेव्हापासून आमच्याकडे ‘खंय जाता?’ हा खेळच झाला. तुमच्या घरी तो न्हाणीपासून सुरू करा. जुन्या घरात न्हाणीचं पाणी केळीला, अळवाला नाहीतर माडाच्या आळ्यात गेलेलं असतं. मुलीने एकदा फूल सोडून ते पाहिलं की पुढचं बोलणं सोपं होतं. न्हाणीत चुळुकभर साबण पडला तर केळीला चालतो, पण फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर ओतली तर तिची केळ ते पिणार. ‘तिची केळ’ हे महत्त्वाचं आहे. एक विशिष्ट केळ तिच्या नावावर करून द्या. मग तिला आंघोळीच्या पाण्याचा सदुपयोग वगैरे शब्द लागणार नाहीत. माझ्या बालवाडीतल्या एका पोराने आईला आठवडाभर भंडावलं होतं, तू भांडी त्याच मोरीत घास, माझ्या केळीला घड धरलाय.

पाण्याचं दुसरं टोक दिसलं, पण पहिलंही दाखवायला हवं, आणि ते विहिरीत आहे. एक गोष्ट आधीच सांगते: विहिरीपाशी मूल एकटं कधीही जाता कामा नये. कठडा असो नसो, वर जाळी असो नसो. मोठं माणूस बरोबर, आणि चार वर्षांच्या मुलीचा हात तुमच्या हातात. हा नियम चर्चेला ठेवू नका.

आता मुलाचं काम. तो सात वर्षांचा आहे, म्हणजे त्याला हिशेब आवडायला लागले असतील. कळशीचा दोर विहिरीत सोडा, कळशी पाण्याला टेकली की दोरावर कठड्याच्या उंचीला चिंधीची गाठ मारा. दर महिन्याच्या एक तारखेला एक गाठ, दर वेळी वेगळ्या रंगाची चिंधी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गाठी सरकत जातात आणि त्याला न सांगता कळतं की पाणी खाली चाललंय. मग त्याला कोड्यात टाका. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या कौलांचं छप्पर १०० चौरस मीटर धरलं तर त्या एका छपरावरून वर्षाला तीन लाख लिटर पाणी ओघळतं. मग मे महिन्यात टँकर का? त्याला विचार करू दे. मग पावसात छत्री घेऊन त्याच्याबरोबर पाण्याच्या मागे जा, फुलाच्या मागे गेलात तसेच. खळ्यातून पाणंदीत, पाणंदीतून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, व्हाळातून खाडीत. आपली जमीन उताराची, वर जांभा दगड आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी थांबतच नाही, बघता बघता समुद्राला मिळतं. माडापोफळींच्या बागांत आळी का करतात, चर का खणतात, व्हाळाला बांध का घालतात, हे त्याला तिथे उभं राहून समजेल. मुलाला एका आळ्याची माती ओढायला लावा. बांध घालायचं काम गावात पावसाळा संपला की निघतं, तेव्हा त्याला दगड उचलायला न्या. दोन दगड उचलेल, बाकी वेळ खेकडे पकडेल. चालतं.

गळका नळ असेल तर दुरुस्त करायच्या आधी एक रात्र त्याखाली कळशी ठेवा. सकाळी मुलांना ती उचलायला सांगा. त्यांना ती उचलणार नाही, एवढंच पुरे.

आता चूल.

मीच एकदा या चुलीत हात पोळून घेतलेले आहेत, म्हणून सविस्तर सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वर्गात प्लॅस्टिक जाळण्याबद्दल अगदी तावातावाने बोलले. विषारी धूर, पाप, वाईट लोक, सगळं. त्यातल्या एका पाच वर्षांच्या शूर शिपायाने दुसऱ्या दिवशी पहाटे आजीने पेटवलेल्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. नऊ वाजता आजी छत्री घेऊन बालवाडीच्या दारात. ‘बाई, तुमी काय शिकयल्यात पोरांक? माज्या पेटत्या चुलीत पानी वतल्यान! आता ओली लाकडां पेटवूक तुमी येतल्यात?’

मी ओशाळून हसले, पण तिचं शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. तिने चुलीत पिशवी का घातली होती? तिला प्लॅस्टिकची हौस नव्हती. लाकडं ओली होती. ओल्या लाकडाला चटकन पेट घेणारं काहीतरी लागतं, आणि दुधाची पिशवी काडी लावताच भुरकन पेटते, थेंब थेंब गळत लाकडावर पसरते. पूर्वी हे काम सोडणं, म्हणजे नारळावरची काथ्याची सालं, करायची. नारळ सोलला की सोडणं माडीवर नाहीतर चुलीवरच्या माळ्यावर जायची, धुराने कडकडीत वाळायची. आता नारळ सोलून विकत येतो, सोडणं बागायतदाराकडेच राहतात. माळा गेला, वर पत्रा आला. आजीच्या हाताशी जे राहिलं ते ती वापरते.

तेव्हा सासूबाईंना प्लॅस्टिक वाईट म्हणून सांगायला जाऊ नका. त्यांना पेटवण आणून द्या, आणि ते काम मुलांचं करा. सोडणं, करवंट्या, माडाची वाळलेली पोय (फुलोऱ्याचं कवच), चुडतीची (झावळीची) पाती, वाळकी काटक्याकुटक्या. माडाखाली फिरून गोळा करायची असतील तर वारा नसताना, आणि मोठ्या माणसाने आधी वर बघून. काजूबियांची टरफलं मात्र मुलांच्या हातात देऊ नका, त्यातल्या तेलाने कातडी सोलून निघते. रोज संध्याकाळी मुलीने एक टोपली भरून न्हाणीच्या दाराशी ठेवायची. सकाळी आजी त्यातूनच चूल पेटवणार. एखाद्या संध्याकाळी ती विसरली तर सकाळी आजी हाक मारणार, ‘गो, माजी सोडणां खंय?’ ही हाक तुमच्या सगळ्या चांदण्यांवर भारी आहे. कारण तिच्या कामाची कुणालातरी खरोखर गरज आहे, आणि ते तिला कळतं. मुलांना खोटं काम लगेच ओळखू येतं.

त्या आजीकडेही मी पुढे दर मेमध्ये बालवाडीची मुलं घेऊन सोडणं पोहोचवायला जात असे. तिने पिशव्या जाळणं पूर्ण थांबवलं असं म्हणणार नाही. बरंच कमी केलं.

धुराबद्दल बोलायचंच असेल तर राखेपासून बोला. आपल्याकडे राख कधी टाकली जात नव्हती. भांडी घासायला, अळवा-वांग्यावर मावा पडला तर शिंपडायला, बियाण्याला चोळायला. प्लॅस्टिक चुलीत गेलं की त्याच्या शाईतलं, रंगातलं, वेफर्सच्या पुडीच्या चंदेरी थरातलं जे जळत नाही ते राखेत उरतं. ती राख भांड्याला लावायची? सासूबाई स्वतःच नाही म्हणतील. हा मुद्दा त्यांच्या घरच्या ज्ञानातला आहे, व्हिडिओतला नाही, म्हणून पटतो. आणि न्हाणी लहान असते, धूर कोंडतो, मुलं तिथेच उघड्या अंगाने आंघोळीला उभी असतात, हेही त्यांना दिसतंच. तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.

मग त्या दुधाच्या पिशवीचं काय? ती खंय जाता? इथे खेळ अडतो. परसात हिचं दुसरं टोक नाही. केळीखाली पुरली तर पाच वर्षांनी तशीच वर येते. मुलाला हे करून दाखवायला हरकत नाही: एका खड्ड्यात केळीचं पान, माशाचा काटा, कागद आणि दुधाची पिशवी पुरा, वर काठी रोवा, दिवाळीत उकरा. पान आणि कागद सापडणार नाही, काटा कदाचित सापडेल, पिशवीवरचं नाव वाचता येईल. सात वर्षांच्या मुलाने ते नाव मोठ्याने वाचणं हाच त्याचा धडा, त्यावर तुम्ही काही बोलू नका.

पिशवी जपून ठेवायची तर तिचीही रीत आहे, आणि ती मुलं फार आवडीने करतात. कात्रीने कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही. कोपऱ्याचा तो एवढासा त्रिकोण कुणी गोळा करत नाही, तो केरात जातो, केरातून व्हाळात. चीर द्यायची, पण तुकडा पिशवीला लोंबता ठेवायचा. दूध ओतलं की पिशवीत थोडं पाणी घालून खळबळवायचं. ते पांढरं पाणी मुलीने तिच्या केळीला घालायचं. मग पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्याने वाळत घालायची. पहिल्या दिवशी चीर वेडीवाकडी जाईल, दूध ओट्यावर सांडेल. दुसऱ्या आठवड्यात मुलगा तुमच्यापेक्षा नीट कापेल आणि तुम्ही कोपरा तोडलात तर तुम्हालाच बोलेल. वाळलेल्या पिशव्या पोत्यात भरून ठेवा, भंगारवाले त्या घेतात. पाच-दहा रुपये आले तर ते मुलांचे.

वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पुड्या मात्र कुणी घेत नाही. प्लॅस्टिकच्या थराला धातूचा थर चिकटवलेला, वेगळा करता येत नाही. त्यावर उपाय एकच, पुडी घरात कमी येणं. साफ बंदी घालू नका, बंदी घातलेल्या घरातली मुलं शेजारी जाऊन खातात. आठवड्याला एक पुडी, ती त्यांनी निवडायची. बाकी दिवशी आपल्याकडे खायला काय कमी आहे? गूळपोहे, उकडलेली रताळी, कणगी-करांद्यांचे कंद, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, जत्रेत आणलेला खाजा. तुमच्या मुलाला आठळी खाऊन पोट बिघडण्याची भीती असेल तर आजीला विचारा, ती किती द्यायच्या ते सांगेल.

कायद्याचं एका ओळीत: महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, देशभर एकदा वापरून टाकायच्या कित्येक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. बाजारात गेलात तर बंदी कुठे दिसते ते शोधावं लागतं. पण तुमची कापडी पिशवी तुमच्या हातात आहे. मासळीबाजारात सगळ्यांची हार होते, कारण ओली मासळी कापडी पिशवीत कोण घेणार? झाकणाचा स्टीलचा डबा न्या आणि तो मुलाच्या हातात द्या. कोळणीला डबा घेऊन आलेला पोरगा दिसला की ती दोन कोलंब्या जास्त घालते. हे शास्त्र नाही, माझा अनुभव आहे.

वेंगुर्ल्याजवळ राहता तर आणखी एक टोक तुम्हाला दाखवता येईल. वेंगुर्ला नगरपरिषदेने आपला कचरा डेपो असा सुधारला की लोक तो बघायला जायला लागले. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, बाकीचा कचरा प्रकारांनुसार वेगळा, प्लॅस्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात. आधी विचारून एकदा मुलाला तिकडे घेऊन जा. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाया त्याने पाहिल्या पाहिजेत. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथून आल्यावर आईला म्हणाली, ‘फुटलेली बांगडी कागदात गुंडाळ, त्या आजीच्या हातात जाईल.’ मी हे तिला शिकवलं नव्हतं.

गावात घंटागाडी येत नसेल तर घरातला कचरा तुमच्याच जागेत जिरवावा लागतो. ओल्या कचऱ्याचा खड्डा करा, पण माडापासून लांब. शेणखताच्या आणि कुजक्या पाल्याच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाची सुई, म्हणजे शेंड्याचा कोवळा कोंब, पोखरतो. खड्डा उकरताना बोटाएवढी पांढरी, वेटोळी झालेली अळी सापडली तर मुलं आनंदाने ओरडतील. त्यांना ओरडू द्या, नीट बघू द्या, मग ती कोंबड्यांना टाका. इथे मुलगा विचारेल, कासव वाचवायचं आणि अळी मारायची? हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारलाच आहे. मी सांगते, ‘आपला माड जगायला हवा ना?’ आणि पुढे काही बोलत नाही. सगळ्या प्रश्नांची गोड उत्तरं नसतात, मुलांना ते चालतं. पावसाळ्यात खड्ड्यावर विणलेल्या झावळीचा झाप घाला, नाहीतर त्याचं डबकं होतं आणि डास.

आता मुलाच्या भीतीबद्दल. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. सात वर्षांच्या मुलाला अख्ख्या समुद्राची काळजी देऊ नये, त्याच्या हाताच्या मापाची द्यावी. व्हिडिओ बंद करा, काही दिवस तो विषयच काढू नका. आजीवर ओरडायचं नाही हे मात्र स्पष्ट सांगा. चुलीसाठी काम कर, चुलीवरून भांडू नको. आणि आजीची माफी मागायला लावू नका, सोडणांची टोपली नेऊन देणं तेवढंच पुरे आहे.

कासवांबद्दल त्याला मेलेलं नाही, जिवंत कासव दाखवा. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. दीडेक महिना ते दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरटी राखायचं काम सुरू केलं, आणि पूर्वी अंडी खणून नेणाऱ्या गावातले लोक तीच राखायला लागले. तुमच्या वेंगुर्ला तालुक्यात वायंगणीच्या किनाऱ्यावरही घरटी राखतात. यंदाचा हंगाम आता संपला, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे उठवून त्याला घेऊन जा. तळहातात मावेल एवढं काळं पिल्लू वाळूवरून फरपटत जातं, लाट त्याला मागे ढकलते, ते पुन्हा निघतं. बघायचं, हात लावायचा नाही, मोबाईलचा दिवा तर मुळीच नाही. पिल्लू उजेडाकडे चालतं, आपल्या दिव्याने ते उलट्या दिशेला जाईल. त्या रात्री तुमचा मुलगा वेगळे प्रश्न विचारेल.

उधाणानंतर किनाऱ्यावर फेरफटका मारा. व्हाळात टाकलेलं सगळं समुद्र आणून परत देतो: चपला, जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, औषधांच्या पट्ट्या. दहा वस्तू उचलायच्या आणि घरी यायचं. दहाच. मुलांना सफाई कामगार करू नका. काच, सुया, आणि पावसाळ्यात वाळूवर येणारे निळे फुगे, म्हणजे डंख मारणारे जेलीफिशसारखे जीव, यांना हात नाही. मेलेला दिसला तरी त्याचा दोरा भाजतो.

विजेचं दुसरं टोक घरात दाखवणं मला कधीच नीट जमलेलं नाही. बटण दाबलं की दिवा, बिल वडील भरतात. मला सापडलेली एकच वाट काजव्यांची. पहिल्या पावसाच्या आगेमागे खळ्यातला मोठा दिवा रात्री घालवा आणि मुलांना पायरीवर बसवा. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात, तोवर मुलगी कुरकुरेल. मग आंब्याच्या फांद्यांत एक, दोन, दहा काजवे. तेव्हा दिवा लावून दाखवा, आणि परत घालवा. पुढच्या रात्री ती स्वतः जाऊन बटण बंद करेल. काजवे बाटलीत भरायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण भरायची इच्छा होणारच.

चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची माटवी बांधायला घरची मोठी माणसं रानात कवंडळं, कांगल्याचे घोस, तेरडा अशी रानफळं-फुलं आणायला जातात, तेव्हा मुलांना बरोबर पाठवा. आणि जुनं जाणतं माणूस कसं तोडतं ते बघायला सांगा: वेलाला चार घोस असतील तर एक-दोन तोडून पुढे जातात, मागून येणाऱ्यासाठी ठेवतात. हल्ली अख्खा वेल ओढून बाजारात विकायला आणतात, तोही मुलांना दिसेल. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट पोहोचवायला मुलांना न्या, मातीचा एक गोळा मागून आणा आणि घरी बादलीत टाका. सकाळपर्यंत त्याचा चिखल झालेला असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीबद्दल मग वेगळं सांगावं लागत नाही.

देवराईत मात्र काही शिकवू नका. राईतली काडीसुद्धा घरी आणायची नसते, एवढं आजीने सांगितलं की मुलं ऐकतात. देवचाराची, म्हणजे राखणदार भुताची, भीती घालू नका, ती रात्री तुम्हालाच निस्तरावी लागते.

यजमानांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण विचारते: ते गाडी चालवताना पानाची पुडी काचेतून बाहेर टाकतात का? टाकत असतील तर वरचं निम्मं वाया गेलं. मुलं आईचं ऐकतात आणि बाबाचं बघतात. मुलीला मागच्या सीटवर एक डबा देऊन ठेवा, ‘बाबाच्या कचऱ्याचा डबा’ म्हणून. ती स्वतःच मागेल. दोनदा मागितल्यावर माणूस वरमतो.

तुम्ही हे मेच्या तिसऱ्या आठवड्यात विचारताय, म्हणजे पाऊस यायला जेमतेम दोन-तीन आठवडे आहेत. बाकी सगळं पुढे होईल, सोडणांना मात्र आत्ताच ऊन मिळायला हवं. शेजारच्या बागायतदाराकडे सोडणं पडून असतात, तो आनंदाने नेऊ देईल. चार दिवस खळ्यात पसरून वाळवा, मुलांना रोज संध्याकाळी उलटीपालटी करायला लावा, मग पोत्यात भरून पडवीत ठेवा. पोत्याखाली फळी किंवा दोन चिरे टाकायला विसरू नका. जमिनीवर ठेवलंत तर जुलैत उघडाल तेव्हा निम्मी वाळवीने खाल्लेली असतील, आणि सासूबाई पुन्हा दोरीवरच्या पिशवीकडे बघायला लागतील.